नऊशे अकरा फेऱ्यांची वाट

सोनकांबळे सरांसमोर ‘जवळच आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, “जवळच म्हंजे किती?” मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलं की मला खोली मिळाली, मारुतीच्या पारापासून हाकेच्या अंतरावर. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेला एक उंच, खांद्यात जरासा वाकलेला माणूस मान वर न करता म्हणाला, “हाक कुणाची, बाई? सरपंच आबाची हाक रेणापूरपर्यंत जाते. माझ्या मायची हाक तिच्या बाजंच्या पल्याड जात न्हाई.” माणूस खडूस आहे, असं मी मनात नोंदवलं. खडूस ते होतेच, त्याबाबत माझं मत पुढं कधी बदललं नाही.

गाव रेणापूरपासून दोन कोसांवर. मी लातूर शहरातली, मराठी शिकवायला आलेली. सर भूगोल शिकवायचे. लोह्याच्या शाळेत चार वर्षं काढून ते आपल्या गावी परत आले होते, कारण आई एकटी होती आणि तिचे गुडघे गेले होते. घर गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली महाराष्ट्राचा नकाशा, आणि नकाशाच्या खिळ्याला आईची औषधाची पिशवी. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, “आधी माय सांभाळतो, मग मायवर ओरडणारी आणतो.” हे आई ऐकत असतानाच म्हणायचे. आईचं नाव कोंडाबाई. तीही काही कमी नव्हती. ती म्हणायची, “ह्याला कोण करल? न्हानीपासून चुलीपर्यंत फूटपट्टी लावतंय.”

सायकलच्या मागच्या चाकाच्या तारेला त्यांनी चामड्याची पट्टी बांधली होती. चाकाच्या दर फेऱ्याला ती दांड्यावर आपटायची, टक्. एक फेरा म्हणजे सात फूट चार इंच, सातशे वीस फेरे म्हणजे मैल. त्यामुळे सायकलवरच्या सरांशी कुणी बोलायचं नाही. बोललं तर ते थांबायचे, खाली उतरायचे आणि म्हणायचे, “तीनशे चौदा. आता बोला.” गावातली टवाळ पोरं मुद्दाम आडवी येऊन “रामराम सर” म्हणायची. सर त्यांना शिव्या द्यायचे आणि आकडा विसरले की पुन्हा पहिल्यापासून निघायचे. एकदा ते रेणापूरच्या बाजाराला निघाले आणि दुपारपर्यंत गावाच्या वेशीतच होते.

शाळेच्या शिपायानं सर आले तेव्हा त्यांच्यासाठी तडा गेलेला एक कप वेगळा काढून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. सर रोज सगळ्यांच्या आधी स्टाफरूममध्ये यायचे आणि तो कप हेडमास्तरांच्या बशीत ठेवून द्यायचे. हेडमास्तरांनी महिनाभर त्यातून चहा प्यायला, सदऱ्यावर सांडला, आणि त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. शिपायाला कळलं. एक दिवस तो कप उकिरड्यावर दिसला आणि त्याच्या जागी सहा नवे कप आले. हे मला सरांनी नाही, शिपायानंच सांगितलं, आणि सांगताना तो खाली बघत होता.

मी आले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, रंग ओला. पाऊस मात्र जुनाच होता, म्हणजे येत नव्हता. शाळेच्या भिंतीवरचा नकाशाही जुना होता आणि त्यात आपला जिल्हाच नव्हता. हेडमास्तर म्हणाले, नवा नकाशा येईपर्यंत थांबा. सरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी लाल शाईनं नकाशावर जिल्ह्याची हद्द ओढली. नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली. तपासणीचे साहेब भडकले. सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण, लेखी खुलासा द्या, वगैरे. सरांनी वर्गातच खडूच्या डबीवर कागद ठेवून खुलासा लिहून दिला. मी तो वाचलाय. दोनच ओळी होत्या: ‘नकाशावर रेघ मी ओढली हे खरे आहे. जिल्हा मी केलेला नाही.’

त्यांचं शिकवणं पुस्तकाच्या उलट्या टोकानं सुरू व्हायचं. पुस्तकात देशाचे चार भाग होते: भूमी, लोक, शासन, अर्थव्यवस्था. पहिल्याच पानावर लिहिलेलं, भारत हा विकसनशील देश आहे. एका पोरानं अर्थ विचारला. सर म्हणाले, “निघालाय, पोचला न्हाई. वाटंत चहाला थांबलाय.” दुसऱ्यानं विचारलं, “कवा पोचंल?” सर म्हणाले, “ते चहा कोण पाजतंय त्याच्यावर हाय.” शेजारच्या वर्गात मी कवितेचा अर्थ सांगत होते. माझी पोरं तिकडं कान लावून बसलेली, आणि खरं सांगायचं तर मीही.

सरासरी पावसाचा आकडा त्यांना मान्यच नव्हता. “पोरांनो, गेल्या साली पडला तो, औंदा न्हाई पडला तो, अन् पुस्तकात पडून ऱ्हायलाय तो, ह्या तिघांची भागीदारी म्हंजे सरासरी.” शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजायला त्यांनी तेलाचा डबा ठेवला होता. त्या वर्षी त्यात चिमणीनं घरटं केलं. सरांनी नोंदवहीत तारीख घालून लिहिलं, ‘पाऊस निरंक. अंडी तीन.’

शासनाचा धडा तर अख्ख्या गावानं ऐकला. वस्तीवरचा हातपंप मोडला होता. सरांनी नववीच्या पोरांना गृहपाठ दिला: पंप कोण दुरुस्त करतं ते शोधून या. पोरं ग्रामसेवकाकडं गेली, त्यानं सरपंचाकडं पाठवलं. सरपंच आबांनी तलाठ्याकडं, तलाठ्यानं तालुक्याला. तालुक्याच्या कारकुनानं सांगितलं की हे खातं जुन्या जिल्ह्याकडं होतं, नव्या जिल्ह्याकडं आलंय का ते बघावं लागेल, तोवर गावातल्या एखाद्या शिकल्या-सवरलेल्या माणसाकडून दरखास्त लिहून आणा. पोरं फिरून फिरून सरांच्याच पुढं येऊन उभी राहिली. सरांनी सगळी साखळी फळ्यावर काढली, शेवटचा बाण स्वतःकडं वळवला आणि म्हणाले, “हे झालं शासन. आता अर्थव्यवस्था. ह्यातल्या किती जणांनी चहा मागितला?” पोरांनी हात वर करून नावं घेतली. सरपंच आबांचं नाव तीनदा आलं. आबांचा नातू त्याच वर्गात होता आणि सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडत होता.

पंप शेवटी दुरुस्त झाला, पण तोवर खालचं पाणीच संपलं होतं. दांडा हलवला की नुसता खोकायचा. एकेक विहीर तळाला गेली. देवणीचे ते देखणे बैल, ज्यांना माणसं लेकरांपेक्षा जास्त जीव लावतात, ते दावणीला हाडं मोजून घ्या म्हणत उभे. गावाच्या पलीकडं ओढ्यात एक सरकारी विहीर होती, रोजगार हमीवर वस्तीतल्याच लोकांनी खोदलेली. तेवढीच एक चालू राहिली. तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे कुणी नाकारत नव्हतं. प्रश्न होता तिथं पोचायचा.

एक दिवस कोंडाबाई पडल्या. भरली घागर डोक्यावर, ओढ्याच्या काठचा घसरडा मुरूम, उरलासुरला गुडघा गेला. घागर फुटली नाही म्हणून त्या खूश होत्या, पाय मात्र टेकवत नव्हता. सर शाळेत असताना आई पाण्याला जायची. सरांनी पहाटे अंधारात बादलीनं भरून ठेवलं तरी जायची, कारण शेजारची बाळंतीण होती, तिच्यासाठी. त्या दिवशी सर पहिल्यांदा वर्गावर उशिरा आले आणि शिकवलं नाही. पोरांना नकाशे भरायला लावून खिडकीशी उभे राहिले.

मग त्यांनी वस्तीसाठी टँकर मागितला. टँकरचे जे साहेब होते त्यांना सरांनी नाव ठेवलं होतं ‘टंचाई साहेब’. साहेबांचा नियम असा की पाणी एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटरच्या आत असलं तर टँकर नाही. सर म्हणाले, “हा मैलच हाय. नुसते कपडे बदललेत.” साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली, वस्तीपासून ओढ्यापर्यंत रेघ धरली आणि दरखास्त फेटाळली. अंतर पाऊण मैल.

सर ते उत्तर घेऊन स्टाफरूममध्ये आले. मला वाटलं शिव्या देतील. पण ते विचारात पडले होते. म्हणाले, “बाई, उद्या सुट्टी हाय. माझ्यासंगं चालता का? मला साक्षीदार पायजे. लई चालावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतून निघालो. सर सायकल हातात धरून चालवत होते, मी प्रत्येक शंभर फेऱ्यांना एक खडा पदरात टाकत होते. आधी सरळ वाट: वस्ती, वेस, मारुतीचा पार, पेठेची गल्ली, ओढा. पाचशे अडतीस फेरे. साहेबांची पट्टी बरोबर होती. “आता बायांची वाट,” सर म्हणाले. आम्ही वस्तीत परत आलो आणि गावाच्या मागून निघालो. उकिरडे, मसणवट्याचा कोपरा, काट्यांचं कुंपण, मग ओढ्याचा तो मुरमाड काठ. सायकल दोन ठिकाणी उचलावी लागली आणि तिथं सरांनी चाक हातानं फिरवून हिशेब चुकू दिला नाही. नऊशे अकरा फेरे.

मी विचारलं, “पण त्या पारावरून का येत नाहीत?” सरांनी सायकल उभी केली. मग अगदी साधेपणानं म्हणाले, “घागर घेऊन पारापुढून जायचं न्हाई. अशी रीत हाय.” कुणी अडवतं का, मी विचारलं. “कोण अडवंल? कुणी जातच न्हाई तर अडवणार कुणाला?”

मी दोन वर्षं त्या पारापुढून रोज शाळेत जात होते. सकाळी पारावर कोण बसतं, कोण पेपर वाचतं, कुणाचा कुत्रा कुठं झोपतो, सगळं मला ठाऊक होतं. वस्तीतली एकही बाई पाणी घेऊन तिथून जात नाही, हे मला दिसलं नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि पदरातले खडे तसेच धरून मी घरी आले.

सरांनी दुसरी दरखास्त दिली, दोन्ही आकडे घालून. खाली माझी सही. आता साहेबांना यावंच लागलं. ते आले, पारावर खुर्ची टाकली गेली. सरपंच आबा, हेडमास्तर, ग्रामसेवक, पंधरा-वीस गावकरी. आबा मनानं वाईट नव्हते. शाळेच्या खोल्यांना पत्रे त्यांनीच मिळवून दिले होते, आणि माझ्या खोलीचं छत गळलं तेव्हा स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलं होतं. पार मात्र त्यांचा होता.

साहेबांनी कागद वाचला. “इथं दोन अंतरं लिहिलीत. पाऊण मैलाचा रस्ता असताना ह्या बायका सव्वा मैल का चालतात?”

सर म्हणाले, “ते मला नका इचारू, सायब. मी भूगोलाचा मास्तर. हे नागरिकशास्त्रात येतं.”

साहेबांनी पेन उघडलं होतं आणि त्यांना काहीतरी लिहायचं होतं. वाट बंद आहे असं लिहिलं तर ती कुणी बंद केली तेही लिहावं लागणार, आणि मग फौजदार येणार. वाट नाही असं लिहिलं तर ती समोर दिसत होती. साहेब आबांकडं बघायला लागले. सरांनी सगळा डाव इथंच आणून ठेवला होता. मी मनात म्हटलं, आता टँकर आला.

आबा खाकरले. “वाट बंद हाय असं कोण म्हणतं? वाट खुली हाय. सगळ्या गावाची हाय. ह्या बाया कामून येत न्हाईत ते त्यांनाच इचारा.”

साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी भराभर पंचनामा लिहिला: सरळ रस्ता सर्वांसाठी खुला, अंतर पाऊण मैल, टँकरची आवश्यकता नाही. आबांचं दस्तखत घेतलं, चहा पिऊन साहेब गेले. सर पाराखाली उभेच. मला वाईट वाटलं आणि, लपवत नाही, थोडं हसूही आलं. सरकारला कोंडीत पकडायला गेलेला माणूस स्वतः कोंडीत सापडला होता.

दोन दिवस ते शाळा सुटली की थेट घर गाठायचे. तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन त्या पंचनाम्याची नक्कल घेऊन आले. वस्तीत सगळ्यांना गोळा केलं आणि वाचून दाखवली. मीही गेले होते. “सरकारनं लिहून दिलंय. आबाचं दस्तखत हाय. उद्यापासून सरळ वाटंनं जायचं.” बाया ऐकत होत्या, पण कुणी ‘हाव, जाऊ’ म्हणेना. त्यांचं बरोबरच होतं. उद्या त्याच लोकांच्या रानात खुरपायला जायचं होतं. कोंडाबाई बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कागद चांगला हाय, बाबा. पर डोक्यावर घागर घेऊन म्होरं कोण चालंल? कागद चालंल का?”

सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

सकाळी मी शाळेत निघाले तर पारावर नेहमीपेक्षा जास्त माणसं. समोरून सोनकांबळे सर येत होते. पांढरा शर्ट, पायघोळ पँट, आणि खांद्यावर भरलेली घागर. बाप्या माणसानं पाणी वाहायचं हीच आधी हसण्याची गोष्ट, त्यात मास्तर. खांद्यावरच्या घागरीची सवय नव्हती, त्यामुळे पाणी डुचमळून अर्धा शर्ट भिजला होता. तोंडानं ते काहीतरी पुटपुटत होते, बहुधा पावलं मोजत असावेत. पारावरचे सगळे आबांच्या तोंडाकडं बघत होते. हसण्याचं निमित्त समोर चालून आलं होतं, पण आबा हसल्याशिवाय हसायचं कसं?

आबा म्हणाले, “मास्तर, पाणी सांडून ऱ्हायलंय.”

“हाव आबा. नवीन हाय. शिकीन.”

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशीही ते एकटेच आले. तिसऱ्या दिवशी दोन घागरी. चौथ्या दिवशी सरांना कुणी ‘आता रानात काम कोण देतंय बघू’ असा टोमणा मारला असं कळलं. त्यांनी उत्तर दिलं की माझी मजुरी सरकार देतं, तिथून काढून दाखवा. पण त्यांच्या मागं कुणी बाई येईना, आणि त्यांचा खांदा सोलून निघाला होता. फळ्यावर लिहिताना हात वर जात नव्हता. मी म्हटलं, “सर, आता पुरे करा.” ते म्हणाले, “बाई, मी नऊशे अकरा लिहून दिलेत. आता त्याचे पाचशे अडतीस झाल्याबिगर मला झोप न्हाई.” चेष्टेनं म्हणाले, पण डोळे तांबारले होते.

टँकर त्या उन्हाळ्यात वस्तीवर आलाच नाही. सरांनी आणखी तीन दरखास्ती दिल्या, तिन्ही त्या पंचनाम्याचा दाखला देऊन परत आल्या. पुढं माझी नांदेडला बदली झाली. सर नंतर दोनदा भेटले, एकदा एका लग्नात, एकदा निवडणुकीच्या कामावर, आणि दोन्ही वेळेला त्यांनी मला यथेच्छ पिडलं. पण सर म्हटलं की मला आठवतात ते त्या उन्हाळ्यातल्या एका सकाळचे.

शाळा भरायला अवकाश होता. मी व्हरांड्यात उभी होते, तिथून पार पुरता दिसतो आणि तिथलं बोलणंही ऐकू येतं. वेशीतून कोंडाबाई येत होत्या. हातात काठी, कमरेवर लहानशी कळशी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर. मागं चार पावलांवर सर, दोन्ही हातांत रिकाम्या घागरी. त्यांच्या मागं, बरंच अंतर ठेवून, शेजारची ती बाळंतीण, आणि तिच्याही मागं आणखी दोघी. कोंडाबाई पारापाशी आल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता माघारी फिरतात. पण त्यांनी कळशी खाली ठेवली, गुडघा चोळला, आणि मान वर करून आधी पार पाहिला, मग पेठेची गल्ली, मग गल्लीच्या तोंडाशी दिसणारी ओढ्यातली बाभळीची झाडं. जन्म त्या गावात काढलेली बाई नवख्या गावात आल्यासारखी बघत होती.

“एवढंच व्हतं व्हय रे?” त्यांनी लेकाला विचारलं.

सरांनी एक घागर काखेत मारली आणि खाली वाकून आईची कळशी उचलली. त्यांना रडू आवरत नव्हतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.